चारशे खोकी

नॉयबर्गमध्ये ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या बाईकडे कुणी वळून पाहत नाही. सगळ्याच घालतात. आर्डिस वेन्झच्या आईनं तर स्वतःच्या लग्नाच्या केकचं खोकं एक्केचाळीस वर्षं जपलं होतं. गावात कुणी गेलं की त्याच खोक्यातून ती त्या घरी केक पोचवायची, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी खोकं मागून आणायलाही विसरायची नाही. अशा आईची ही लेक. दुकानाचा खर्च आवरायची वेळ आली तेव्हा तिला कुणाकडे शिकायला जावं लागलं नाही.

किराणा दुकान सासऱ्यानं घातलेलं, मग ते नवऱ्यानं, डेलमरनं चालवलं. डेलमर गेल्यापासून सहा वर्षं आर्डिस आणि ट्वायला अशा दोघीच. ट्वायला गल्ल्यावर बसायची. पंचवीस वर्षांत तिनं गल्ला एकदाही चुकवला नव्हता आणि तोंड एकदाही आवरलं नव्हतं. गावात माणसं दोनशे ऐंशी, त्यांतली निम्मी साठीच्या पलीकडची. बिस्मार्क शहर पंचाहत्तर मैलांवर. तिथं डॉक्टरला दाखवायला गेलेली मंडळी येताना मोठ्या दुकानातून गाडीभर सामान आणायची आणि मेन स्ट्रीट टाळून धान्याच्या कोठारामागच्या रस्त्यानं घरी जायची. आर्डिसच्या दुकानासमोरून त्या पिशव्या कशा न्यायच्या? आर्डिसला हे ठाऊक होतं. मागच्या दारात उभी असताना कोठाराकडून एखादी ओळखीची गाडी येताना दिसली की ती पाठ फिरवून आत जायची. आपण पाहिलं असं कळून त्यांना वाईट वाटायला नको.

काटकसरीला तिनं सुरुवात केली ती दिव्यांपासून. जुन्या नळ्या काढून नवे कमी विजेचे दिवे बसवले, तेही एकाआड एक. मग फ्रीजच्या उघड्या कपाटांना प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे पडदे लावले. संध्याकाळी दुकान बंद झालं की चर्चच्या गोधडी मंडळानं दिलेल्या पाच गोधड्या ती त्या कपाटांवर पांघरायची, आजारी माणसाला पांघरावं तशा. फ्रीजच्या यंत्रांतून निघणारी गरम हवा आजवर मागच्या गल्लीत फुकट जात होती. पत्र्याचा नळ टाकून ती तिनं दुकानाच्या पुढच्या भागात वळवली. अकरा कपाटांची सहा केली. दूध, लोणी, अंडी आणि सॉसेज शेजारी शेजारी नांदायला लागली.

तिची खरी अक्कल मात्र मागच्या खोलीत दिसली. एकदा डिसेंबरात माल लावता लावता ती थबकली.

"ट्वायला, बाहेर किती आहे गं?"

"उणे अठरा."

"आणि आत आपण वीज जाळून थंडी तयार करतोय. देवानं दाराबाहेर एवढा फ्रीज फुकट ठेवलाय आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलोय."

"देवाच्या फ्रीजला दार नसतं," ट्वायला म्हणाली. "सगळं दगड होईल."

आर्डिसनं एका गोठ्याच्या लिलावातून जुना पंखा आणला, त्याला थंडी मोजून आपोआप चालू-बंद होणारं बटण जोडलं आणि तो मालाच्या थंड खोलीच्या भिंतीत बसवला. नोव्हेंबर ते मार्च त्या खोलीचं यंत्र बंद. बाहेरची हवा हवी तेवढीच आत यायची आणि दूध गोठायच्या आधी पंखा थांबायचा. विजेच्या कंपनीचा माणूस मीटर बिघडलं असं समजून दोनदा तपासून गेला.

पावती मागितली तरच द्यायची. कागदी पिशव्या बंद, माल ज्या खोक्यांतून येतो त्याच खोक्यांत गिऱ्हाइकाचं सामान. दुकान एक तास उशिरा उघडायचं. ट्वायलाचे दिवस सहाचे चार झाले. त्यावर ती एवढंच म्हणाली, "उद्या श्वास मोजून घे म्हणशील. सांगून ठेवते, मी जोरात घेते."

आणि नासाडी. नासाडीचं तर आर्डिसला पापच वाटायचं. केळी काळी पडायची, ब्रेडला बुरशी यायची, दह्याची तारीख उलटायची. तिनं एक वही घातली. अख्खं गाव तिच्या बोटांवर होतं. कुणाच्या घरी किती दूध, कुणाला कुठलं पीठ, कुणाचा नातू उन्हाळ्यात येतो आणि दुधात घालायचे रंगीत, साखर लावलेले पोहे खातो. जेवढं खपेल तेवढंच मागवायचं. दोन वर्षांत दुकानाचा कचऱ्याचा डबा एवढा रिकामा राहायला लागला की मागच्या गल्लीतल्या मांजरांनी मुक्काम हलवला.

जूनमध्ये जिल्ह्याच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर तिचा फोटो आला. भिंतीतल्या पंख्यावर हात ठेवून उभी, चेहऱ्यावर डॉक्टरकडे दात काढून घ्यायला आल्यासारखा भाव. खाली मोठ्या अक्षरात, नॉयबर्गच्या दुकानानं खर्च निम्म्यावर कसा आणला. ट्वायलानं ते पान गल्ल्यामागे चिकटवलं. आर्डिसनं ते काढलं. ट्वायलानं पुन्हा चिकटवलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरंच. पण पाय आखडत गेलं की अंथरूणही आखडत जातं, हे त्या बातमीत कुठं नव्हतं.

दुकानाचा माल फार्गोहून यायचा, दर मंगळवारी सकाळी सहाला, मोठ्या ट्रकमधून. ठोक व्यापाऱ्याची अट जुनी होती. एका थांब्यावर आठवड्याला किमान साडेतीनशे खोकी उतरली पाहिजेत. त्याखाली त्यांना एवढ्या लांब गाडी पाठवणं परवडायचं नाही. डेलमरच्या वेळी साडेपाचशे खोकी उतरायची, त्यामुळे ही अट घरात कुणाला आठवतही नसे. आर्डिसनं नासाडी थांबवली आणि खोकी साडेचारशेवर आली. फ्रीज कमी केले, चारशे वीस. अंधुक उजेडाच्या, थंडगार दुकानात माणसं कोटाच्या खिशातून हात न काढता उभी राहायची, हवं तेवढं घ्यायची आणि निघायची. रेंगाळून एखादी जास्तीची वस्तू उचलणं थांबलं. तीनशे ऐंशी. आर्डिस दर आठवड्याला तो आकडा बघायची आणि मनाशी म्हणायची, अजून तीस आहेत हातात.

ऑगस्टच्या जत्रेत गेलन रॉट तिच्याशी बोलला. गेलनचं किराणा दुकान बावीस मैलांवर, मर्टनला. शाळेत असताना दोघं एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या गावांतली. आता दोन्ही गावांची मिळून एकच शाळा राहिली होती आणि तिच्या बास्केटबॉल संघाच्या नावात कुणाचं गाव आधी यावं यावर अजून भांडणं चालायची. पण गेलन माणूस सरळ. चर्चच्या बायकांच्या मांडवात दोघं बाकावर शेजारी शेजारी बसली होती.

"आर्डिस, माझ्या डोक्यात एक आहे," तो म्हणाला. "आपण मागणी एकत्र करू. ट्रक तुझ्याकडे उतरू दे, माझा माल मी पिकअपमधून घेऊन जाईन. माझी जेमतेम साडेतीनशे, तुझी तेवढीच धरली तरी गाडी कधी चुकायची नाही."

"नको रे," आर्डिस म्हणाली. "तुला कशाला बावीस मैलांचा त्रास."

"त्रास कसला."

"आमचं भागतंय."

त्यानं तो विषय पुन्हा काढला ऑक्टोबरात, चर्चच्या सॉसेजच्या जेवणाला, ताट हातात घेऊन रांगेत उभं असताना. "त्या ट्रकचं बोललो होतो बघ."

"नको गेलन, खरंच. चाललंय आमचं."

आता त्या भागातल्या कुठल्याही माणसाला विचारा. काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा नको, खरंच असं म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, तू एवढं म्हणतोस तर, असं म्हणून घ्यायचं. कॉफीचा कप असो की शेताचा तुकडा, रीत तीच. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस हावरट, नाहीतर बाहेरचा. आर्डिसनं दोनदा नको म्हटलं होतं आणि आता ती तिसऱ्या विचारण्याची वाट पाहत होती. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, गेलन तिच्या दुकानात येऊन गेला, पंखा पाहून गेला, खमिराची दोन पाकिटं घेऊन गेला. ट्रकचं काही बोलला नाही. डिसेंबरात सामन्याला भेटला. हवेबद्दल बोलला.

"तू स्वतःहून का नाही विचारत त्याला?" ट्वायला म्हणाली.

"तो विचारेल."

"आणि नाही विचारलं तर?"

"दोनदा विचारलंय त्यानं. तिसऱ्यांदा विचारणारच."

नाताळच्या आधी फार्गोचं पत्र आलं. डिझेल, चालकांचे पगार, रस्ते, असं बरंच लिहून शेवटी एक ओळ होती. एक जानेवारीपासून किमान चारशे खोकी. लागोपाठ चार आठवडे त्याखाली मागणी आली तर तो थांबा बंद होईल.

त्या आठवड्यात आर्डिसची मागणी तीनशे बावन्न होती.

पहिल्या मंगळवारी तिनं जीव काढून तीनशे एकोणनव्वद केली. कागदी रुमाल, मीठ, साखर, जी वस्तू नासत नाही ती गाठीशी होते तेवढ्या पैशांत मागवली. ट्रकचा चालक मार्लिन माल उतरवता उतरवता म्हणाला, "एवढे रुमाल? गावात सर्दीची साथ आहे वाटतं."

"अकरा कमी पडली," आर्डिस म्हणाली.

मार्लिननं कागद पाहिला. एकोणीस वर्षं तो हा माल उतरवत होता. "अकराच ना? मी तिकडे बोलून बघू का? वरच्या माणसाला ओळखतो मी. एकदा सांगून ठेवलं तर..."

"नको, नको. तुम्ही कशाला शब्द टाकता. तुमच्या नोकरीचं बघा."

"नक्की?"

"नक्की. नको."

मार्लिन मोन्टाना सीमेजवळ वाढलेला, इथल्या रीतीला बाहेरचा माणूस. दोनदा नको म्हटलेलं त्यानं नको म्हणूनच ऐकलं आणि हातगाडी फिरवली.

दुसऱ्या आठवड्यात रुमाल मागवायला जागाच उरली नव्हती. तीनशे एकसष्ट. ट्वायलानं आर्डिसला न विचारता एक पुठ्ठा रंगवला आणि दारावर लावला, ट्रक वाचवायचा असेल तर इथून घ्या. आर्डिस सकाळी आली, तिनं तो काढला आणि उलटा करून गल्ल्याखाली सारला.

"भीक मागितल्यासारखं दिसतं ते."

"मागायचीच वेळ आहे," ट्वायला म्हणाली. "लाज बाळगून कुणाचं पोट भरत नाही, आर्डिस. डेलमर असता तर रस्त्यात उभं राहून ओरडला असता."

"डेलमर असता तर वेळच आली नसती."

पुठ्ठा गेला, पण ट्वायलाचं तोंड जागेवर होतं. तिनं मिल्बर्टला सांगितलं. मिल्बर्ट सत्त्याऐंशी वर्षांचा, गाडी चालवणं सोडलेला. रोज अकरा वाजता चालत यायचा आणि एका वेळी एकच वस्तू न्यायचा, म्हणजे उद्या यायला कारण उरतं. मिल्बर्टला सांगितलं म्हणजे पोस्टात, चर्चमध्ये आणि कोठारावर सांगितलं. दोन दिवसांत गावाला कळलं की आर्डिस अडचणीत आहे.

आणि गावानं तिला मदत केली. नॉयबर्ग जशी करतं तशी.

बुधवारी एक बाई आली, गव्हाच्या कोंड्याचे पोहे पाहून म्हणाली, "हे फक्त माझ्यासाठीच मागवतेस ना गं? आता राहू दे. तुझ्या मागे आधीच एवढं. मी बिस्मार्कला जाईन तेव्हा आणेन." गुरुवारी शाळेच्या स्वयंपाकघरातून फोन आला. तुम्हाला धावपळ नको, म्हणून दुधाचं त्यांनी दुसरीकडे बघितलं होतं. शुक्रवारी मिल्बर्ट.

"पोरी, ते माझे हेरिंगचे डबे."

"मागवलेत, मंगळवारी येतील."

"मागवू नकोस. एका म्हाताऱ्याच्या माशांसाठी कुठं तू अख्खं खोकं घेतेस. मला काय, मी काहीही खातो."

"अहो मिल्बर्ट, मला खोकीच हवीत!"

ती ओरडलीच. दुकानात तीन माणसं होती. तिघंही खाली बघायला लागली. मिल्बर्टनं टोपी काढली, पुन्हा घातली. "नाही गं," तो समजुतीनं म्हणाला, "तू चांगली आहेस म्हणून असं म्हणतेस. पण आम्हालाही कळतं."

तिसऱ्या मंगळवारी तीनशे अठरा खोकी उतरली.

गुरुवारी आर्डिसनं दुपारी दोनलाच दुकान ट्वायलावर सोपवलं आणि ती मर्टनला निघाली. बाहेर उणे तेवीस. रस्त्यावरून बर्फाची भुकटी सापासारखी सरपटत होती. बावीस मैल ती वाक्य जुळवत होती. गेलन, ते ट्रकचं तू म्हणाला होतास. गेलन, तुझा विचार अजून असेल तर. उजवीकडच्या शेतात सूर्यफुलांची काढणी राहून गेलेली काळी ताटं उभी होती. जन्मात कधी कुणाकडे काही मागायला गेली नव्हती ती. पण वाक्य जमलं होतं, आणि तीनशे अठरात साडेतीनशे मिळवली की सहाशे अडुसष्ट होतात हेही तिनं दहा वेळा मोजलं होतं.

गेलनच्या दुकानाचं दार सताड उघडं होतं. अशा थंडीत दार कोण उघडं ठेवतं? आत दोन अनोळखी माणसं फ्रीजचं मोठं कपाट पट्ट्यांनी बांधून चाकांच्या फळीवर चढवत होती. गेलन कोट घालून बाजूला उभा होता. फळ्या रिकाम्या, भिंतीवर जिथं कपाटं होती तिथं फिकट चौकोन.

"आर्डिस!" तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगायचं?"

"मी सोमवारी फार्गोला कळवलं. बंद केलं. जेम्सटाउनकडच्या एका शिकाऱ्यांच्या हॉटेलवाल्यानं फ्रीज घेतले, इमारतीतही तो सामान ठेवणार आहे. सह्या झाल्या काल." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "आत ये. कॉफी देतो. फक्त कपच उरलेत."

ती मागच्या खोलीत एका उलट्या क्रेटवर बसली. कॉफी त्यानं न विचारताच ओतली. जुळवलेलं वाक्य तिच्या तोंडातच होतं, आता त्याचं काय करायचं तिला कळेना. शेवटी ती ते बोललीच.

"मी ते ट्रकचं बोलायला आले होते. एकत्र मागवायचं."

गेलननं कप खाली ठेवला.

"मी विचारलं होतं तुला."

"दोनदा," आर्डिस म्हणाली.

"हो. दोनदा."

"तू तिसऱ्यांदा विचारशील असं वाटलं मला."

"विचारणारच होतो. थँक्सगिव्हिंगच्या वेळी तुझ्याकडे आलो तो त्यासाठीच." त्यानं टोपी मागे सारली. "तो पंखा दाखवलास तू. खर्च निम्म्यावर आणलेला. पेपरात फोटो आलेला तुझा, माझ्या बायकोनं कापून ठेवलाय. मला वाटलं, हिचं उत्तम चाललंय. दोनदा नको म्हणाली ती खरंच नको म्हणाली. चांगलं चाललेल्या माणसाच्या दारात तिसऱ्यांदा जाऊन उभं राहायचं म्हणजे... मला लाज वाटली गं. गरज माझी होती. खमीर घेतलं आणि आलो घरी."

"मला गरज होती, गेलन."

"सांगायचं नाही का?"

"तू सांगितलंस?"

पुढच्या खोलीतून कपाट दारातून निघताना चौकटीला घासल्याचा आवाज आला. एक माणूस ओरडला, "सावकाश!" गेलन उठायला गेला, पण उठला नाही.

"त्या सह्या..." आर्डिस म्हणाली.

"झाल्या." मग तो म्हणाला, "महिनाभर आधी असतं तर."

महिनाभर आधी ती दोघं शाळेच्या सामन्यात एका बाकावर बसून हवेबद्दल बोलली होती. तिलाही ते आठवलं, त्यालाही आठवलं असणार. दोघांनीही ते काढलं नाही.

चौथ्या मंगळवारी तीनशे सहा. आर्डिसनं स्वतःहून फार्गोला फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली. नियम सर्वांना सारखा आहे, आणि नॉयबर्ग-मर्टन हा रस्ताच आता वेळापत्रकात राहिलेला नाही, कारण मर्टनचा थांबा बंद झाल्यावर एकट्या नॉयबर्गसाठी गाडी वळवायची म्हणजे पंचेचाळीस मैलांचा फेरा पडतो. चारशे झाली असती तरी त्यांनी वसंतात पुन्हा विचार केलाच असता. तिनं हे दिलासा द्यावा तसं सांगितलं.

मार्लिननं शेवटचा माल उतरवला, क्रेट परत चढवले, सही घेतली. "मी त्यांच्याशी बोललो असतो हो तेव्हा," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तुम्हीच नको म्हणालात."

"हो," आर्डिस म्हणाली. "मीच म्हणाले."

उरलेला माल संपेपर्यंत दुकान चालू ठेवायचं असं ठरलं. ट्वायलाच्या अंदाजानं दहा दिवस. आता मात्र गाव येऊन घ्यायला लागलं. आता घेतलं तर आर्डिसचा भार हलका होणार होता ना. कागदी रुमालसुद्धा गेले. माणसं केकच्या वड्या घेऊन यायची, गल्ल्यावर ठेवायची आणि म्हणायची, "अगं, काही बोलली नाहीस ती. सांगायचं होतंस." आर्डिस प्रत्येकाला म्हणायची, "तुम्हाला कशाला त्रास." आणि प्रत्येक जण मान हलवायचा, कारण त्या उत्तरात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

नवव्या दिवशी खरेदी थांबली.

आर्डिसला आधी उलगडा होईना. ती फळ्यांवरून चालत गेली. टोमॅटोचा एक डबा. पिठाची एक पिशवी. मोहरीची एक बाटली. साबणाची एक वडी, काड्यांची एक पेटी, लोण्याचं एक पाकीट, ओटचा एक डबा. अख्ख्या दुकानात प्रत्येक वस्तू एकेकच उरली होती आणि प्रत्येक वस्तू फळीच्या पुढच्या कडेला, नीट, मधोमध ओढून ठेवलेली. जेवणाच्या पंगतीत ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. तो दुसऱ्या कुणाला हवा असेल.

"घ्या ना," ती म्हणायची. "संपवायचंच आहे."

"छे छे, राहू दे. कुणाला लागलं तर?"

"तुम्हालाच लागलंय ना?"

"माझं भागतं."

त्या एका लोण्याच्या पाकिटासाठी सहातलं एक कपाट चालू होतं. एका दुधाच्या डब्यासाठी दुसरं. सहा वर्षं जिनं विजेचा एकेक आकडा पिळून काढला, ती बाई आता रिकाम्या दुकानात दिवे लावून, गरम हवा सोडून, दिवसभर एकेका वस्तूची राखण करत बसली होती. गिऱ्हाइकं येत, सांत्वन करत, फळ्यांकडे आदरानं बघत आणि रिकाम्या हातांनी जात.

"तू घे ते लोणी," ती ट्वायलाला म्हणाली.

"मी कशी घेऊ? तू घे."

"माझ्या घरी आहे."

"माझ्याही घरी आहे," ट्वायला म्हणाली. ते खोटं होतं. आर्डिसचंही खोटंच होतं.

शुक्रवारी अकराला मिल्बर्ट आला. बाहेर वारा सुटला होता आणि त्याच्या भुवयांवर बर्फ होता. तो ओटच्या डब्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याची मुलगी फार्गोला होती. तिनं त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं की गावात दुकान नसेल तर तुम्ही एकटे राहायचं नाही, मार्चमध्ये तिकडच्या वृद्धाश्रमात खोली मिळते आहे. हे त्यानं पोस्टात सांगितलं होतं, म्हणजे आर्डिसला माहीत होतं.

"घ्या, मिल्बर्ट."

"शेवटचा आहे."

"म्हणूनच घ्या."

"सकाळी दुसऱ्या कुणाला..."

"दुसरं कुणी येणार नाही. उद्या मी उघडणारच नाही."

मिल्बर्टनं तिच्याकडे पाहिलं आणि मग फळीकडे. ती दुसऱ्यांदा म्हणाली. तो नको म्हणाला. ती तिसऱ्यांदा म्हणाली, डबा उचलून त्याच्या हातात देत. त्यानं तो घेतला, थोडा वेळ दोन्ही हातांत धरला, मग फळीवर होता तिथं परत ठेवला, लेबल पुढे करून.

"मार्चपर्यंत घरात पुरेल एवढं आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "पुढं मग तिकडे देतात सगळं. तयार." तो टोपी ठीक करत दाराकडे गेला. दारात थांबून म्हणाला, "रोज यायचो म्हणून त्रास झाला असेल तुम्हा दोघींना."

"काही नाही झाला," आर्डिस म्हणाली.

तो गेला. ट्वायला गल्ल्यावर बसून राहिली. थोड्या वेळानं आर्डिस मागच्या खोलीत गेली आणि तिनं पंख्याची वायर काढली. नंतर सहाही कपाटं एकेक करून बंद केली. यंत्रं थांबली तशी पुढच्या भागातली गरम हवाही थांबली, कारण ती त्यांच्यावरच चालत होती. अर्ध्या तासात दुकान एवढं गार झालं की ट्वायलाला हातमोजे घालावे लागले. आर्डिसनं मात्र घातले नाहीत. ती रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे दुमडून एकावर एक ठेवत होती.